डावीकडचा पडदा

राजारामपुरी, आठवी गल्ली, बेसमेंट.
पाटीवर शिकलगार कॉम्प्युटर्स, खाली बारीक अक्षरात
'लॅपटॉपचे सर्व आजार'.
ते पेंटरनं स्वतःच्या मनानं लिहिलं,
मी राहू दिलं.

रुकडीहून पॅसेंजरनं आलेला सम्मेद मगदूम
टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप काउंटरवर ठेवतो.
"मॅडम, आवाज येतोय. गाडी पळतीया.
दिसत काय न्हाई."

खरंच. कुठंतरी इंजिन गुरगुरतंय, गिअर पडतोय,
आणि पडद्यावर नुसता त्यांच्या कुत्र्याचा फोटो.
खालच्या पट्टीत गेमचं चिन्ह उजळलेलं,
घरात असून दार न उघडणाऱ्या माणसासारखं.

मी नेहमीचं सांगते:
बघ, यात ग्राफिक्सच्या दोन चिपा.
धाकटी प्रोसेसरच्या पोटात राहते, थोडक्यात भागवते.
थोरली दांडगी. तापते, बॅटरी खाते,
पण रेस पळवायची तर तीच.
आणि पडद्याची वायर मात्र धाकटीच्या हातात.
थोरलीनं कितीही रंगवलं तरी
चित्र धाकटीकडं द्यायचं, तिनं ते दारात मांडायचं.
"म्हंजे धार काढणार एक
आणि डेअरीत दूध घालणार दुसराच."
व्हय, तसंच.

गेम थोरलीवर टाकली. कुत्रा.
धाकटीवर टाकली. इंजिन खोकलं, कुत्रा तसाच.
ड्रायव्हर पुसला, मागच्या वर्षीचा घातला, चाळीस मिनिटं.
स्केलिंग सव्वाशेवरून शंभरावर.
फुल स्क्रीन, विंडो, परत फुल स्क्रीन.
शेजारच्या डंकावर कुणाची तरी मिरची कांडून झाली,
आम्ही दोघं आळीपाळीनं शिंकलो.
एक वाजला.

मग लॅपटॉप पुसताना डावी बाजू दिसली.
बाकीच्या भोकांत कापूस, धूळ,
आणि मॉनिटरच्या भोकाची कड
घासून घासून चकचकीत.
ते भोक थेट थोरलीचं.
तिथं धाकटीला विचारावं लागत नाही.

"दुसरा मॉनिटर होता काय रे?"
तो कुत्र्याकडं बघत राहिला.
"दादाचा हुता. पाडव्याच्या आधी न्हेला त्यानं, चाकणला."
"कुठल्या अंगाला ठेवायचा?"
"डाव्या. त्यो तिकडं बसायचा."
"आता काय आहे तिथं?"
"इस्त्रीची कापडं."

म्हणजे गेम बिघडलेली नव्हतीच.
ती रोज उघडत होती, वेळेवर, पुऱ्या मापात,
रुकडीतल्या एका टेबलाच्या डाव्या अर्ध्यावर,
कपड्यांच्या घडीवर,
आणि पळत होती.

आल्ट, स्पेस, एम.
उजवा बाण एकदा, मग माऊस हलवायचा.
पहिल्यांदा आली ती बंद करायची फुली.
मग करडी कड, मग घाटातलं धुकं,
मग सुरुवातीच्या रेषेवर लाल गाडी,
आणि तिच्या शेजारी निळी.
निळीवर नाव: शीतल. वेग: शून्य.

आम्ही काही बोललो नाही.

फोल्डरात एक छोटी फाइल असते,
तिच्यात एक ओळ: डिस्प्ले, दोन.
ती पुसली की संपलं,
गेम मुकाट्यानं घरच्या पडद्यावर उघडणार.
मी बोट ठेवलंसुद्धा.
"ती राहू दे," सम्मेद म्हणाला.
"दिवाळीला येणार हाय. मॉनिटर आणतो म्हणालाय."

"मग दरवेळी ओढून आणावी लागेल."
"दरवेळी?"
"दरवेळी."
"आणतो की."

बिलाच्या पाठीवर मी लिहून दिलं:
आल्ट, स्पेस, एम, बाण.
त्यानं ते वाचलं, पुटपुटला, चार घड्या घालून खिशात.
ड्रायव्हरचे दोनशे घेतले.
ओढून आणायचं काय घेणार?

गाडी गाठायला पळत सुटला.
टॉवेल इथंच राहिला.