दोन, कधी एक

घरी वीज जाते, म्हणून मझिया माझ्या बेकरीत आली.
रात्री अकराला. इस्त्रीचा निळा शर्ट, वर कोट,
आणि कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून
खाली मामीची लोकरी विजार.

पिठाच्या पोत्यांवर तिने चादर टांगली.
मागे भिंत दिसावी म्हणे, नुसती भिंत.
झाझाला मी बजावलं: आज कामात शिट्टी नाही.

कुताइसीत मध्यरात्र, पिट्सबर्गला दुपारचे तीन.
तिथल्या पोरांना ते विमानाचं तिकीट पाठवतात,
हॉटेल, रात्रीचं जेवण, संग्रहालयात फेरी.
आमच्यासारख्यांना एक लिंक.

मला इंग्रजी येत नाही.
रशियन येतं, ते आता कुणी विचारत नाही.
पण भाचीचा आवाज मला कळतो.
पहिल्याशी ती जिना उतरल्यासारखी भरभर बोलली.
दुसरी बाई डब्यातलं काही हिरवं खात होती,
मान हलवायची, ती चावण्याची की पटल्याची
ते समजायला मार्ग नव्हता.
तिसरा आलाच नाही.
अर्धा तास मझिया स्वतःच्याच चेहऱ्यासमोर
हसू तयार ठेवून ताठ बसली.
पाणी पी म्हटलं, तर म्हणाली,
मामा, मी उठले आणि नेमका तो आला तर?

मध्येच एक शब्द ओळखीचा निघाला: रिओनी.
आमची नदी.
कत्तलखान्याचं गटार जिथे मिळतं
तिथून ही बाटल्या भरून आणते.
त्या घाणीत जंतूंना खाणारे
त्यांच्याहून बारीक कोणी राहतात,
औषध हात टेकतं तिथे ते कामाला लागतात.
मी लहानपणी त्याच पाण्यात डुंबलोय.
माझी मुलाखत कुणी घेतली नाही.

शेवटचा म्हातारा दोनला आला.
आणि तीनला इस्पितळाची गाडी येते,
ती काही माझ्या भाचीसाठी थांबत नाही.
जमेल तितक्या हळू
मी पहिली पाव भट्टीच्या भिंतीवर थापली.
थप्प.
म्हातारा बोलता बोलता थांबला.
मझियाचे कान लाल.
मामा, विचारतायत, आवाज कसला?

तिने चादर ओढली, लॅपटॉप फिरवला:
पोती, झाझा, आणि मी
कमरेपर्यंत भट्टीत, पाय हवेत.
ते विचारतायत, आत किती तापमान असतं?
म्हटलं, मोजत नाही.
हाताचे केस करपले की थापायला घ्यायचं.
मी बोललो एवढंच,
तिने त्याचं इंग्रजी बराच वेळ केलं,
आणि म्हाताऱ्याने काहीतरी लिहून घेतलं.
कोण जाणे काय. कदाचित तिच्या नावाचं स्पेलिंग.

मग तिने तिचा प्रश्न विचारला.
आवाज एवढुसा झाला, म्हणून मी वळून पाहिलं.
म्हाताऱ्याने दोन बोटं वर केली.
जरा थांबला.
एक मिटलं.

पैसा त्यांच्या सरकारचा,
म्हणून आधी त्यांची मुलं, तिने मला समजावलं,
बाहेरच्यांतून दोन, कधी एक.
बरोबरच आहे ना, मामा?
मी म्हटलं, पाव गरम आहे, खा.

रोज दोन-तीन पाव भिंत सोडतात
आणि निखाऱ्यात पडतात.
कणीक तीच, हात तोच.
हे मी तिला सांगितलं नाही.

बारीहून बहिणीचा फोन आला.
ती तिथे एका इटालियन म्हातारीच्या उशाशी
जागी होती, नोकरीच ती.
कशी झाली गं?
मझिया तोंडातला घास गिळून म्हणाली,
मामाची भट्टी त्यांना आवडली.

मग ती पोत्यांवरच झोपली.
निळ्या शर्टाला पाठभर पीठ लागलं.
झाझा झटकायला गेला, मी अडवलं.
लागू दे आता.
आणि शिट्टी मार हवी तर, हळू.