खंड चौदा

कौन्सिल हॉलच्या भिंती दगडी, जाड,
तरी बाहेर सिग्नलला बस थांबली की
टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्याला कळतं.

मी प्रतिवेदक. खुर्ची मधोमध,
चार पेन्सिली, दोन्हीकडून टोक केलेल्या.
लघुलिपीत स्वर गाळतात.
पूर, पार, पोर: वहीत एकच रेघ,
मागचं-पुढचं बघून लावायची.

हवामान अनुकूलन विधेयक, खंड चौदा:
मुठेची निळी रेषा कुठून जाईल, आणि ठरवील कोण.
अकरा दहाला तोडकरसाहेब उठले,
"प्रत्येकी तीन मिनिटं.
दीड वाजता उरलेले सगळे खंड एकदम मताला."
आमच्यात याला गिलोटिन म्हणतात.
दचकत कुणी नाही.
फक्त चहा देणाऱ्या शिपायाने बशी जरा जपून ठेवली.

"हरकतीचा मुद्दा!" वैराटबाई उभ्या.
"नदी काय दीड वाजता थांबणार आहे?"
(टाळ्या)
"थांबत नाही, म्हणून तर घाई!"
(टाळ्या)
मला चिन्ह एकच आहे. टाळ्या कुठल्या बाजूच्या,
ते चिन्हात येत नाही.

सहा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये
बाई त्या खुर्च्यांवर होत्या, साहेब या.
"वेळकाढूपणा" तेव्हा बाईंचा शब्द होता,
"लोकशाहीचा गळा" साहेबांचा.
वही आहे माझ्या कपाटात, तपकिरी पुठ्ठ्याची.
तीच पानं उतरवून दिली असती
तर चारची शिवनेरी मिळाली असती मला.

अर्थात, कुणी अगदीच खोटं बोलत नव्हतं.
बाईंच्या दोनशे बारा दुरुस्त्यांपैकी साठ
"आणि"च्या जागी "व" घालणाऱ्या.
आणि साहेबांच्या घाईच्या पोटात
निळी रेषा चाळीस मीटर नदीकडे सरकलेली,
परिशिष्ट तीन, तळटीप, बारीक टाईप.
ते वाचणारे आम्ही दोघेच असू,
मी आणि टंकलेखक.

बाहेर बाकावर साक्षीदार क्रमांक सात,
भागुजी कोंढरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त.
एकतीस वर्षं पुलाखालची मोजपट्टी वाचली.
पिशवीत नोंदवह्या. सकाळी मला म्हणाले,
"तीन मिनिटांत किती सालं बसतात हो?"

चर्चा किती करायची, यावर चर्चा झाली
एक तास छप्पन्न मिनिटं.
मग हात वर. अकरा विरुद्ध नऊ.
सभात्याग. दोघं परत आले,
एकाचा चष्मा राहिला होता, दुसऱ्याचा चहा.

एक एकवीसला कोंढऱ्यांना आत बोलावलं.
त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे,
मग वही उघडून बोट ठेवलं.
"सोळा ऑगस्ट. रात्री एक, बारा फूट.
रात्री दोन, चौदा फूट सहा इंच.
पहाटे तीन, पट्टी बुडाली.
पुढचं अंदाजानं लिवलंय, त्याबद्दल माफी असावी."

घंटा वाजली.
त्यांनी मान वर केली, जुन्या सवयीने,
"किती सोडलं?"

कुणाला आधी कळलंच नाही.
मग हसू आलं, दोन्ही बाजूंना,
त्या दिवसात पहिल्यांदा एकदम.
(हशा) लिहिताना माझी पेन्सिल मोडली, दुसऱ्या टोकाने लिहिलं.

दीडला खंड चौदा ते एकोणतीस मंजूर.
सचिव खुणावत म्हणाले, तो शेवटचा प्रश्न वगळा,
कामकाजाशी संबंधित नाही.

जिन्यात कोंढरे थांबले होते, वही उघडी.
नोंद वाचली की खाली सही लागते, म्हणाले,
आमच्याकडे तशी पद्धत होती, साहेब.
पान पाण्याने कधीतरी फुगलेलं,
शाई पसरत होती.
मी सही केली. त्यांनी वेळ घातली,
एक वाजून सदतीस,
आणि पातळीच्या रकान्यात काय घालावं
याचा विचार करत
पेन हवेत धरून उभे राहिले.