एकेचाळीस किलो

दारव्ह्याच्या भंगारात
धरणावरच्या रेस्ट हाऊसचा लिलाव येऊन पडला होता.
दोन खुर्च्या, एक बाक. लॉनवरचे.
लॉन कधीच गेलं, गाजरगवतात.
सत्तारभाईनं काट्याला टांगलं,
एकेचाळीस भरले.
मी म्हटलं, यात पाच किलो तर गंजच आहे.
तो म्हणाला, गंज म्हंजे कापूस हाय का बाई?
बत्तीसच्या भावानं तेराशे बारा.
वरचे बारा सोडले त्यानं,
बांधायला सुतळी दिली, तीही वीतभर कमी.

जाऊबाई म्हणाली, दळणाले येणारे
दगडावर बसत नाईत का?
बसतात ना.
तो दगडच तर मला रोज दिसतो.

लाइट जाते तेव्हा चक्की थांबते,
आणि आमच्याकडे लाइट पुष्कळ जाते.
तेवढ्या वेळात घासलं सगळं.
आधी विटेचा तुकडा, मग हॅक्सॉचं तुटकं पातं,
मग पॉलिश पेपर, बारा रुपयांचा एक,
झिजला तरी कोपरा शोधून शोधून वापरायचा.
गंज उडून पिठात बसू नये म्हणून
मागच्या अंगणात, बाभळीच्या फाटक्या सावलीत.
सावली सरकली की बाक सरकवायचा.
रात्री नाक शिंकरलं तर गेरू.

बाकाचा एक पाय सडलेला.
उकंडानं वेल्डिंगचे दीडशे सांगितले,
मग दोन पायली ज्वारी दळून देण्यावर आला.
पण वेल्डिंगलाही लाइट लागते आणि दळायलाही,
म्हणून आठवडाभर आम्ही दोघं
नुसते एकमेकांचे उधार.

रेड ऑक्साइड अर्धा लिटर. हा खर्च टळला नाही.
रंग शाळेच्या फाटकाचा उरलेला,
कोहळे सरांनी डबा दिला, वर जाड साय धरलेली.
ती काढून फाटक्या ओढणीतून गाळला.
पोपटी.
मला पोपटी आवडत नाही.
फुकट म्हटल्यावर हळूहळू बरा दिसायला लागला.

नायलॉनची पट्टी तीनशे वीस किलो,
त्या दुकानात मी फक्त भाव विचारला.
चक्कीचा जुना पट्टा खुंटीला होता,
आठ वर्षं गावाची ज्वारी फिरवलेला.
तो उभा चिरला, आडवा विणला.
बोटं सोलली.
उन्हात तापला की त्याला अजून
गरम पिठाचा वास येतो.

बाबा त्या रेस्ट हाऊसवर चोवीस वर्षं, मस्टरवर.
साहेब यायचे म्हटलं की खुर्च्या बाहेर,
साहेब गेले की खुर्च्या आत.
कुठून आणल्या ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.
काठी टेकत आले. रंगाकडे पाहिलंही नाही.
"तीन नंबरची हे," म्हणाले, "इचा उजवा हात हालते."
मी हात धरून पाहिला.
हलत होता.
एवढं घासून, पुसून, रंगवून
माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता बाकावर बेबीबाई पिपा मांडीत घेऊन बसते,
नंबर आला तरी उठत नाही.
खुर्च्यांवरून पोरांची भांडणं.
बाबा कडुनिंबाच्या बुडाशी, जमिनीवर.
दिवस बुडला की काठी भिंतीला टेकवतात,
दुपट्ट्यानं पुसून एक एक खुर्ची आत आणतात.
दव पडते, म्हणतात.
वैशाखात, दव.

परवा सातलाच लाइट गेली.
मोबाइलच्या उजेडात वहीच्या मागच्या पानावर
मी बेरीज करत होते,
पंधराशे सत्तेचाळीस, ज्वारी सोडून,
तेवढ्यात बाहेर करकर वाजलं.
बाबा? म्हटलं.
"बसलो नाई व," अंधारातून आवाज आला,
"हालते का थे पाहून राह्यलो."

मग पाहा अजून थोडा वेळ, म्हटलं,
आणि उजेड बंद केला.