फेस

चादरी मोजून घेते. त्रेचाळीस.
टॉवेल त्याहून जास्त, आणि आधी वाळू झटकायची,
नाहीतर घासताना सूत फाटतं
आणि पैसे माझे कापतात.
वाळूत कधी पोवळ्याचा तुकडा निघतो,
करंगळीएवढा, पांढराफटक.
तो मी परत समुद्रात टाकते. उगाच.
मेलेला आहे तो, मला कळतं.

आमचं बेट तासाभरात चालून संपतं.
सकाळी धावणाऱ्या पाहुण्या पोरी
दुसऱ्या फेरीला मला ओळखून हसतात.
मीही हसते. वाईट नाहीत त्या.

विहीर आमची, तिरक्या माडाखाली.
बाप सांगायचा, इथे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं,
नारळाचं दूध ठेवलं की वर साय धरते ना, तसं.
अलगद घे, म्हणायचा, तळ ढवळू नकोस.
आणि पोहरा असा सोडायचा
की पाण्याला जाग येऊ नये.

आता तळापर्यंत नळ्या गेल्यात.
समुद्रापासून तीस पावलांवर
लोकांना पोहायला निळे हौद लागतात.

आधी मला वाटलं, साबणच भेसळीचा.
दुकानदाराशी भांडले, वडी बदलली,
मग ओंजळभर पाणी तोंडात धरलं
आणि तिथेच, काठावर, थुंकले.
खाऱ्या पाण्यात साबण विरजल्यासारखा फाटतो.
फेस येतो तो फक्त आमच्या तोंडाला,
आणि हमदूनच्या घोड्याच्या.
तो हेच पाणी पितो, बॅगा ओढतो,
त्याच्या कपाळावरच्या लाल गोंड्याचे फोटो निघतात.

खोल्याखोल्यांत एक चिठ्ठी असते,
कासवाचं चित्र असलेली.
पोरीने वाचून दाखवली:
टॉवेल पुन्हा वापरा, बेट वाचवा.
बरोबरच आहे, मी म्हटलं.
मग रात्री हिशेब केला
किती जणांनी टॉवेल पुन्हा वापरले तर
पोरीची फी राहते.

आई गेली ती कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत.
लाटा उंच, पाण्याची बोट तीन दिवस आली नव्हती.
तुआन गुरू म्हणाले, समुद्राचं पाणी पाकच असतं,
शेवटच्या अंघोळीला चालतं.
चालतं, मलाही माहीत होतं.
पण तिच्या टाचांना भेगा होत्या,
जन्मभर खारं पाणी झोंबायचं तिला,
भरती आली की ती शिंपले वेचायची सोडून
एका पायावर उभी राहायची, बगळ्यासारखी.
मेलेल्या माणसाला झोंबत नाही, भाऊ म्हणाला.
तुला काय माहीत, मी म्हटलं.

हॉटेलच्या मागच्या दाराशी जुमहूर होता,
रात्रपाळीचा. मी काही बोलले नाही.
त्यानेही विचारलं नाही.
दोन गॅलन हातगाडीवर ठेवले,
वर पाहुण्यांनी अर्धवट टाकलेल्या साबणाच्या वड्या,
शंखाच्या आकाराच्या,
कुठल्याशा फुलाच्या वासाच्या,
जे आमच्याकडे फुलत नाही.

आम्ही चौघी बायका होतो, पडद्याआड.
केसांपासून सुरुवात केली.
आणि फेस आला.
एवढा फेस, की माझी मावशी दचकली,
आणि मग, खोटं कशाला सांगू,
आम्ही हसलो. तोंडावर हात ठेवून,
खांदे हलवत,
आईच्या कानामागे, कोपरांवर, टाचांच्या भेगांत
पांढरा, मऊ, भरभरून फेस.
मी तो पाण्याने हळूहळू घालवला.
घाई केली नाही. मोजलंही नाही.
वाळूने सगळं पिऊन टाकलं.

महिनाअखेरीस एका गॅलनचे पैसे कापले.
दुसरा जुमहूरने
स्वतःच्या नावावर लिहिला होता.

तेव्हापासून त्याचे शर्ट मी फुकट धुते.
डाग निघत नाहीत.
कॉलरवर मिठाची रेघ राहते.
तो तेच घालून येतो.