डोळा भरणं

वडील बावीस वर्षांनी परत आले
तेव्हा त्यांच्या बॅगेत माझ्यासाठी बूट होते,
दोन नंबर लहान.

न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या स्वयंपाकघरात
ते रोज चार पेट्या अ‍ॅव्होकाडो कापायचे.
कोयीत सुरी मारायची, पीळ द्यायचा,
निघाली की बादलीत.
टप्प. टप्प.
डाव्या तळव्यावर व्रण आहे, अंगठ्याच्या मुळाशी,
एकदा सुरी फळातून पार गेली त्याचा.
दाखवत नाहीत कुणाला. मीठ घेताना दिसतो.

आणि इथे आत्लिस्कोत,
जिथे दर तिसऱ्या घरामागे रोपवाटिका आहे,
जिथे मी सोळाव्या वर्षापासून कलमं बांधून पोट भरते,
त्यांनी बाजारातून एक फळ आणलं,
खाल्लं, कोय धुतली,
टूथपिक टोचून पाण्याच्या पेल्यावर बसवली
आणि म्हणाले,
"एवढ्या फेकल्या. एक लावून बघू."

बूड खाली, टोक वर, मी सांगितलं.
एवढंच.
मी त्यांना 'तुम्ही' म्हणते,
बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं.

सहा आठवडे काही झालं नाही.
पाणी हिरवट झालं, आईने नाक मुरडलं.
वडील उठून आधी कोयीकडे बघत,
मग कॉफीकडे, मग आमच्याकडे.
एका मंगळवारी ती उकलली,
खालून मूळ, उंदराच्या शेपटीएवढं.
"एनेदिना!"
फोनवर इतक्या वर्षांत
एवढ्या मोठ्याने कधी हाक मारली नव्हती.

रोप मिरच्यांच्या रिकाम्या डब्यात वाढलं.
अंगणात लावायचं ठरलं तेव्हा
त्यांनी अख्खा रविवार खपून
गुडघाभर खड्डा खणला.
मी म्हणाले, खड्डा नको, उंचवटा हवा,
ह्या झाडाला पाय ओले चालत नाहीत.
काही न बोलता त्यांनी तो बुजवला.
वर ढीग केला. थापला. पुन्हा थापला.

पुढच्या वर्षी खोड पेन्सिलीएवढं झालं.
आता डोळा भरायचा, मी म्हणाले.
"का? वाढतंय की छान."
कोयीचं झाड दहा वर्षं ताटकळत ठेवतं,
आणि फळ कुणाच्या वळणावर जाईल, नेम नाही.
त्यांचे ओठ हलले. अठ्ठावन्नात दहा मिळवत होते.
"आणि माझी कोय?"
मुळं तिचीच राहतात.

एदुविहेसबाईंचं म्हातारं झाड
नातवाच्या ट्रकला जागा हवी म्हणून पडणार होतं.
काळं, लहान, सालीसकट खायचं फळ,
पान तव्यावर टाकलं की बडीशेपेचा वास.
तिथली एक काडी मी ओल्या वर्तमानपत्रात आणली.

वडिलांनी डाव्या हाताने खोड धरलं.
साल आधी आडवी चिरायची, मग उभी.
माझी सुरी त्या व्रणाच्या बोटभर अंतरावरून गेली.
ते हलले नाहीत.
मी डोळा सालीखाली सरकवला,
वरून-खालून पट्टी गुंडाळली,
डोळा तेवढा उघडा ठेवला.
तिकडे कोयींचं काय व्हायचं? मी विचारलं.
"पहाटे ट्रक यायचा."

त्या आठवड्यात डॉन गोयो खोकला.
आमच्या ज्वालामुखीचं हे घरगुती नाव.
सकाळी दोरीवरच्या चादरी, कोंबड्या,
पायरीवरचे ते न घातलेले बूट,
सगळ्यावर राख.
फक्त रोपावर मिरच्यांचा डबा पालथा,
वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड.
रात्री कधी उठले होते, कळलंही नाही.

डोळ्याखाली पानाचा देठ ठेवलेला असतो.
विसाव्या दिवशी त्याला बोट लावायचं :
अलगद गळला तर डोळा जगला,
सुकून चिकटून राहिला तर गेला.
वडील उकिडवे बसले.
बोट पुढे नेलं, मागे घेतलं.
"हात लावू?"

"लाव," मी म्हणाले.

देठ अजून जागेवरच होता.
माझ्या तोंडून काना गळला होता.