निदान

ठेवायची की पुसायची ही नोंद,
सात दिवसांत ठरवायचं. आज सहावा.
लिएपायात असा वारा सुटलाय
की खिडकीची काच हलत्या दातासारखी वाजते.

मिर्द्झा काल्वे. मनोविकारतज्ज्ञ.
जन्म, शिक्षण, बंदरामागच्या इस्पितळात एकतीस वर्षं, मृत्यू.
खाली संदर्भ दोन.
एक, स्थानिक पेपरातला आठ ओळींचा मृत्युलेख,
त्यात आडनाव चुकलेलं,
आणि तीच चूक आमच्या कोशातही उतरलेली.
दुसरा, इस्पितळाच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेतला फोटो:
मागची रांग, डावीकडून चौथी,
अर्धा चेहरा कुणाच्या तरी टोपीआड.

आर्वीड्स म्हणतो, पुसा.
तो रेझेक्नेला रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करतो
आणि त्याचं सहसा बरोबर असतं.
पुरस्कार नाही, म्हणतो, ग्रंथ नाही,
एखाद्या आजाराला, चाचणीला,
गल्लीबोळालासुद्धा तिचं नाव नाही.
चांगली डॉक्टर असेलही. पुष्कळ असतात.
कोश म्हणजे काही आभाराचं पत्र नव्हे.

खरं आहे.
गेल्या महिन्यात मीच पुसला एक दंतवैद्य,
आणि एक पाववाला, ज्याच्या राईच्या पावावर
निम्मं गाव वाढलं.
माझा हात कापला नाही.

पण मी दप्तरखान्यातून एक फाइल मागवून घेतली होती.
सन एक्याऐंशी. वरून आलेला छापील तक्ता:
इसम, वय बावीस, शाळेच्या धुराड्यावर चढून
बंदी असलेला झेंडा रंगवला.
हळूहळू चढणारा स्किझोफ्रेनिया असावा,
असं कुणीतरी आधीच पेन्सिलीनं सुचवलेलं.
तिनं पेन्सिल खोडलेली नाही.
खाली शाईनं लिहिलंय:
झोप बरी. भूक बरी. उंचीची भीती नाही.
निदान: काही नाही.

महिन्याभरानं तोच तक्ता पुन्हा.
निदान: काही नाही.
तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं
तेवढेही शब्द खर्चले नाहीत,
रकान्यात फक्त एक आडवी रेघ.
मग एक पत्र, तिची बढती रोखावी असं,
आणि पुढची नऊ वर्षं रात्रपाळी.

हे सगळं मी आर्वीड्सला कळवलं.
तो दोन तास गप्प होता.
मग म्हणाला, कागद खरा आहे, स्काइद्रीते,
पण कुणी छापलेला नाही.
आपणच शोधलेलं आपल्याला चालत नाही.
नियम तुला मी काय सांगू?

नको सांगूस. आणखी एक नियम आहे,
तो मी त्याला सांगितलेला नाही:
नातं असेल त्यानं मत देऊ नये.

तो इसम स्वयंपाकघरात आहे.
वय सहासष्ट. बटाटे सोलतोय.
अजूनही साल एका लांब पट्टीत काढतो, तुटू देत नाही,
आणि विजेचा दिवा बदलायला
स्टुलाऐवजी टेबलावर चढतो.
मी दारात उभी राहून विचारलं, इमान्त्स,
तुझं नाव देऊन कुणी लिहिलं,
एखाद्या वार्ताहरानं, नीट, छापून,
तर ती राहील. देऊ का नाव?

त्यानं सुरी थांबवली नाही.
म्हणाला, तिनं माझ्याबद्दल काही लिहिलं नाही
म्हणून मी इथं बसलोय.
तुला का एवढी घाई लिहायची?
मग म्हणाला, मीठ संपलंय.

मीठ आणलं.
वाऱ्यानं येताना पिशवी दोनदा हिसकली.
उद्या दुपारी मुदत संपेल,
आर्वीड्स पुसेल, हळहळेल,
आणि त्याचं बरोबरच असेल.

मी मत दिलं नाही.
रात्री पान उघडलं,
आणि त्या चुकलेल्या आडनावातलं
एक अक्षर काढून दुसरं घातलं.
बदलाचं कारण लिहायला एक रकाना असतो.
त्यात आडवी रेघ ओढली.

निदान उद्या दुपारपर्यंत.