दोन ओळंबे

ग्दान्स्कच्या प्शिमोझे भागात आमची इमारत
लाटेसारखी वळत जाते, अर्ध्या मैलाहून लांब.
तिच्यातल्या लिफ्ट मी एकतीस वर्षं सांभाळतोय.
मी, आलोयझी फोर्मेला. शाळेत भौतिकशास्त्रात नापास.

पुस्तक सापडलं मशीनखोलीत,
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली.
कव्हर नव्हतं, पहिली अकरा पानंही नव्हती.
बाराव्या पानावर लिफ्टचा दोर तुटत होता.

मला रागच आला.
अहो, दोर असा तुटत नसतो.
एक तुटला तर आणखी चार असतात,
पाचही गेले तर रुळांना धरणारे जबडे आहेत,
आणि दर मार्चमध्ये ते जबडे तपासून
सही ठोकणारा मी आहे.
लेखकाला त्याचं काहीच नव्हतं.
त्याचा माणूस पडत होता, निवांत.
हातातलं सफरचंद त्यानं सोडून दिलं
तर ते तिथंच राहिलं, नाकासमोर.
वजन म्हणजे, लेखक म्हणे,
फक्त जमिनीनं वर दिलेला रेटा.

त्या संध्याकाळी नवव्या मजल्यावर बटण दाबलं
आणि पहिल्या अर्ध्या सेकंदात
पायाखालची जमीन जराशी मऊ पडली.
एकतीस वर्षं ती रोजच मऊ पडत होती.

मग चिन्हं सुरू झाली.
एकाच अक्षराच्या डोक्यावर एक बारीक अक्षर,
पायाशी दोन.
आम्हा पोलिश लोकांना याचं भय नाही,
आमच्या कितीतरी अक्षरांना खाली शेपट्या, वर तुरे.
पण इथं शेपटी वर नेली की अर्थ बदलतो,
आणि सारखी दोन अक्षरं, एक वर एक खाली, भेटली
की गुपचूप बेरीज करायची, कुणी सांगितलं नसलं तरी.
चाळीसाव्या पानावर मी तीन महिने अडकलो.
दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकते, तसा.
तिथं घंटा असते. इथं कुणाला बोलवायचं?

आठव्या मजल्यावरच्या मिओत्क बाईंना.
जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं,
आता भिंग घेऊन औषधांच्या बाटल्या वाचतात.
त्यांनी पान बघितलं, काचेच्या पेल्यातली कॉफी
गाळापर्यंत प्यायल्या, म्हणाल्या,
"हे मला कुणी शिकवलं नाही, फोर्मेला.
पण समरूप त्रिकोण येतात ना तुला?"
आणि विजेच्या बिलामागे काढला
एक भलताच निमुळता त्रिकोण,
टोक थेट पृथ्वीच्या पोटात.

एक मीटर अंतरावर दोन ओळंबे सोड.
दोघेही मध्याकडे बघणार.
तीस मीटर खाली त्यांच्यातलं अंतर कमी भरेल,
पाच मायक्रॉनपेक्षाही थोडं कमी.
"केसाचा पंधरावा भाग," बाई म्हणाल्या,
"केस माझा धरलास तर. तुझा जाड आहे."

मी घरी येऊन झोपलोच नाही.
ज्याच्या भरवशावर रूळ बसवले,
ज्याला सरळ म्हणजे काय हे विचारत आलो,
तो ओळंबा शेजारच्या ओळंब्याकडे कलतो?

नोव्हेंबरात रूळ बदलायचे होते.
नव्या पोराकडे लेझर होता,
तो गेल्यावर मी विहिरीत दोन तारा सोडल्या,
शिसाचे लंबक तेलाच्या बादल्यांत बुडवले,
डुलू नयेत म्हणून. तरी डुलले.
समुद्रावरून वारा, सगळी इमारत किंचित हलते.
वरून बाईंचा आवाज घुमत आला:
"दिसलं का?"
"नाही बाई, वारा आहे."
"मग थांब थोडा."
दीड तास थांबलो. वारा काही थांबला नाही.

तपासणीच्या कागदावर सातवा रकाना:
रूळ समांतर आहेत का?
मी 'होय'वर खूण केली, नेहमीसारखी,
आणि शेजारी पेन्सिलीनं, पुसता येईल असं, लिहिलं:
जवळजवळ.

लिफ्ट बंदच होती. बाईंना सांगायला
जिन्यानं निघालो. प्रत्येक पायरी
मला वर रेटत होती, हे आता माहीत होतं.
तरी पाचव्या मजल्यावर दम लागला.
त्याचं काय, ते पुस्तकात नाही,
किंवा त्या अकरा पानांत असेल.